लिट्टेचा उदय आणि अस्त : अभ्यासाला कसं बसायचं

श्रीलंकेतल्या तमिळ वाघांचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक जण २१ मे १९९१ पासून सुरुवात करतात : श्रीपेरुंबुदूर, राजीव गांधी, मानवी बॉम्ब. आपल्याकडे ते साहजिकही आहे. पण तिथून सुरुवात केली की आधी कळस मग पाया अशी गत होते. संघटना कळते, तिच्या मागचा प्रश्न कळत नाही. काही जण उलट १९८३ च्या तमिळविरोधी दंगलीपासून वाचतात. त्यांना प्रश्न इतका पटतो की संघटनेचं प्रत्येक कृत्यही समर्थनीय वाटू लागतं. दोन्हीकडे चूक एकच : तीन वेगळे धागे एकात गुंतवले जातात. तमिळांच्या हक्काचा प्रश्न हा एक धागा, लिट्टे (लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईळम), म्हणजेच तमिळ वाघांची संघटना, हा दुसरा, श्रीलंकेचं सरकार आणि सैन्य तिसरा. खाली दिलेली पद्धत हे तीन धागे शेवटपर्यंत वेगळे ठेवण्यासाठी आहे. स्पर्धा परीक्षेसाठी, अभ्यास मंडळासाठी किंवा नुसत्या उत्सुकतेपोटी, कशासाठीही वाचा, ती उपयोगी पडते.

सामान फार लागत नाही. एक मोठी ड्रॉइंग शीट, तीन रंगांची पेनं, पेन्सिल, कागदाच्या पाच चिठ्ठ्या आणि श्रीलंकेचा एक नकाशा. दीड-दीड तासाच्या सहा बैठका पुरतात. शीट आडवी धरून तीन पट्टे आखा, वरचा प्रश्नाचा, मधला संघटनेचा, खालचा सरकारचा. डावीकडे १९४८ आणि उजवीकडे आजचं वर्ष. प्रत्येक नोंद करताना आधी ती कोणत्या पट्ट्यात जाते ते ठरवायचं. निम्मा अभ्यास या ठरवण्यातच होतो.

पहिली बैठक : नकाशा

नकाशा न काढता युद्धाच्या तारखा पाठ केल्या तर त्या आठवड्याभरात विसरल्या जातात. नकाशा हाताने काढा, सुबक नसला तरी चालेल. अकरा जागा ठळक करा : जाफना, वल्वेट्टित्तुरै, एलिफंट पास, किलिनोच्ची, मुल्लैतीवू, मन्नार, वावुनिया, त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अनुराधापुरा, कोलंबो. मग कँडीहून वावुनिया, किलिनोच्ची, एलिफंट पास अशी वर जाणारी ए-९ सडक काढा.

एलिफंट पासशी जरा थांबा. जाफना द्वीपकल्प मुख्य बेटाला जिथे जोडलेलं आहे, तिथे दोन्ही बाजूंना खाजणाचं पाणी आणि मध्ये अरुंद जमीन आहे. ही चिंचोळी जागा ज्याच्या हातात, त्याच्या हातात जाफन्याचा खुष्कीचा रस्ता. लष्कराने डिसेंबर १९९५ मध्ये जाफना शहर घेतलं, पण एप्रिल २००० मध्ये लिट्टेने एलिफंट पासचा तळ जिंकला आणि जाफन्यातली फौज रसदीसाठी जहाजांवर आणि विमानांवरच विसंबून राहिली. नकाशा समोर असला की हे पाठ करावं लागत नाही.

वल्वेट्टित्तुरै उत्तर किनाऱ्यावर. लिट्टेचा संस्थापक आणि प्रमुख वेलुपिल्लै प्रभाकरन याचा जन्म इथला, २६ नोव्हेंबर १९५४ चा. समोर पाल्कची सामुद्रधुनी आणि पलीकडे तमिळनाडूचा किनारा. गाव पिढ्यानपिढ्या दर्यावर्दींचं आणि चोरट्या व्यापाराचं. वेगवान होड्या, रात्रीचे मार्ग, दोन्ही किनाऱ्यांवरची ओळख हे सगळं चळवळीआधीच तयार होतं. पुढे 'समुद्री वाघ' नावाचं आरमार उभं राहिलं त्याचं मूळ इथे आहे.

दुसरी बैठक : शब्द आणि माणसं

'श्रीलंकेतले तमिळ' असं सरसकट म्हटलं की घोटाळा सुरू होतो. १९८१ च्या जनगणनेत सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ १२.७, भारतीय वंशाचे तमिळ ५.५ आणि मुस्लिम सुमारे ७ टक्के होते. श्रीलंकन तमिळ उत्तरेत आणि पूर्वेत शतकानुशतकं राहणारे. भारतीय वंशाचे तमिळ इंग्रजांनी चहा-कॉफीच्या मळ्यांवर आणलेले, मधल्या डोंगराळ भागातले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यातले बहुसंख्य लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. १९६४ च्या सिरिमा–शास्त्री कराराने त्यांतले ५ लाख २५ हजार भारताने आणि ३ लाख श्रीलंकेने घ्यायचे ठरले. माणसं अशी वाटून घेतली गेली आणि त्यांना कोणी विचारलं नाही. ईळमच्या, म्हणजे वेगळ्या तमिळ राज्याच्या, लढ्यात हा समाज मोठ्या प्रमाणात कधीच उतरला नाही. त्याला लिट्टेचा पाठीराखा समजणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे.

मुस्लिमांची मातृभाषा बहुतांशी तमिळ, पण राजकीय ओळख वेगळी. हे न कळल्यामुळे १९९० च्या घटना समजत नाहीत.

नावांच्या लेखनाचं पाहा. 'ईळम'मधला व्यंजनध्वनी मराठी 'ळ'ला बराच जवळचा आहे, हिंदीतून आलेल्या मजकुरात मात्र तो 'ईलम' किंवा 'इलम' होतो. मराठी वर्तमानपत्रांत 'लिट्टे', 'एलटीटीई' आणि 'तमिळ वाघ' अशी तिन्ही नावं येतात. जुने अंक किंवा संग्रह चाळताना तिन्ही शोधा, एकाच नावाने शोधलं तर बरंच काही हातून सुटतं.

तिसरी बैठक : १९८३ च्या आधीचं

शीटचा किमान चौथा हिस्सा यासाठी राखा. लोक इथे घाई करतात आणि पुढचं सगळं अधांतरी राहतं.

वरच्या आणि खालच्या पट्ट्यात या नोंदी जोडीने लिहा. १९५६ : एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांचं सरकार आणि 'फक्त सिंहली' राजभाषेचा कायदा. १९५७ : तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार, प्रादेशिक परिषदांचं आश्वासन. १९५८ : भिक्खूंच्या आणि विरोधकांच्या दबावाखाली करार रद्द, त्याच वर्षी दंगल. १९६५ : पंतप्रधान डडली सेनानायके यांच्याशी दुसरा करार, तोही अमलात आला नाही. पुढे विद्यापीठ प्रवेशाचं 'प्रमाणीकरण' आलं. तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला प्रवेशासाठी सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त गुण लागू लागले, नंतर जिल्हावार वाटे ठरले. जाफन्यात जमीन कोरडी, शेती तुटपुंजी. तिथला मध्यमवर्ग शिक्षण आणि सरकारी नोकरी यांवर उभा होता. भाषेच्या कायद्याने नोकरी गेली, प्रमाणीकरणाने कॉलेज गेलं. हातात बंदूक घेणारी पहिली पिढी या वर्गखोल्यांतून बाहेर पडली, हे मधल्या पट्ट्यात बाण काढून दाखवा.

१९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. ५ मे १९७६ ला लिट्टेची स्थापना झाली. नऊ दिवसांनी, १४ मे रोजी, तमिळ नेत्यांनी वट्टुक्कोट्टै इथे वेगळ्या राज्याचा ठराव केला. १९७७ च्या निवडणुकीत तुल्फ हा त्यांचा संयुक्त पक्ष १८ जागा जिंकून संसदेत प्रमुख विरोधी पक्ष झाला. वेगळ्या राज्याची मागणी मतपेटीतूनही आली होती, हे विसरू नका. त्याआधी २७ जुलै १९७५ ला जाफन्याचे महापौर आल्फ्रेड दुरैयप्पा यांचा खून झाला होता. दुरैयप्पा तमिळच होते. प्रभाकरनच्या नावावर नोंदलेली ही पहिली मोठी हत्या, आणि ती तमिळ माणसाची.

मे-जून १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं गेलं. जवळपास ९७ हजार पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली, त्यांत ताडपत्रंही होती. पुस्तकांवर जगणाऱ्या शहराचं ग्रंथालय पोलिसांच्या बंदोबस्तात जळतं, तेव्हा संयमाची भाषा बोलणाऱ्यांकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. ही नोंद लाल पेनाने करा.

चौथी बैठक : पाच चिठ्ठ्या

२३ जुलै १९८३ ला जाफन्याजवळ तिरुनेल्वेलीत लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाले. त्यानंतर कोलंबोत आणि इतरत्र तमिळांवर हल्ले झाले, मतदारयाद्या हातात घेऊन घरं हुडकली गेली. कोलंबोच्या वेलिकडा तुरुंगात २५ आणि २७ जुलैला मिळून ५३ तमिळ कैद्यांना मारण्यात आलं. ऑगस्टमधल्या सहाव्या घटनादुरुस्तीने फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली आणि तुल्फच्या खासदारांच्या जागा गेल्या. सनदशीर वाट सरकारने स्वतःच बंद केली. सशस्त्र तमिळ गटांकडे तरुणांची रीघ लागली ती यानंतर. भारतानेही याच सुमारास या गटांना प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली.

आता या गटांपैकी पाच मोठ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या घ्या : लिट्टे, टेलो, ईपीआरएलएफ, प्लोट, इरॉस. पाचही टेबलावर मांडा. जाफन्यातले लोक या सगळ्यांनाच तेव्हा आपुलकीने 'पोरं' म्हणत. मग तारखेप्रमाणे एकेक चिठ्ठी उचलायला लागा. एप्रिल-मे १९८६ मध्ये लिट्टेने टेलो संपवली, तिचा नेता श्री सबारत्नम मारला गेला. डिसेंबर १९८६ मध्ये ईपीआरएलएफवर घाला. प्लोट अंतर्गत भांडणांनी आधीच खिळखिळी झाली होती, तिने उत्तरेतून काढता पाय घेतला. इरॉस १९९० मध्ये लिट्टेत विरून गेली. टेबलावर एकच चिठ्ठी राहिली.

बंदूक न घेतलेल्यांसाठीही चिठ्ठ्या करायला हरकत नाही. तुल्फचे अमिर्तलिंगम यांना १३ जुलै १९८९ ला कोलंबोत घरी येऊन मारलं. २१ सप्टेंबर १९८९ ला जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रजनी तिराणगमा सायकलवरून घरी जात असताना गोळ्या घालून मारल्या गेल्या. लष्कर, भारतीय सेना आणि लिट्टे, सगळ्यांचे अत्याचार त्या सारख्याच काटेकोरपणे नोंदवत होत्या. त्यांच्या सहकाऱ्यांनी या हत्येसाठी लिट्टेला जबाबदार धरलं.

'तमिळांचे एकमेव प्रतिनिधी' हा लिट्टेचा दावा असा तयार झाला. त्यातून शिस्त आली, एकमुखी हुकूम आला, वाटाघाटीत वजन आलं. पण चूक दाखवणारं, तडजोड सुचवणारं, प्रसंगी मध्ये पडणारं कोणी उरलं नाही. सहाव्या बैठकीत या रिकाम्या टेबलाकडे परत यावं लागतं, म्हणून चिठ्ठ्या फेकून देऊ नका.

पाचवी बैठक : भारतीय शांतिसेना आणि चार युद्धं

इथे सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे १९८७ च्या जुलै ते ऑक्टोबरची दिवसवार यादी. २९ जुलै : भारत–श्रीलंका करार. सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या, लिट्टेची सही नाही. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला. ४ ऑगस्ट : सुदुमलै इथल्या सभेत प्रभाकरनचं भाषण, शस्त्रं देऊ पण ईळमचं ध्येय सोडणार नाही. २६ सप्टेंबर : लिट्टेचा तिलीपन उपोषणात मरण पावला. ५ ऑक्टोबर : श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या लिट्टेच्या १२ जणांनी पलालीत सायनाइड घेऊन जीव दिला. १० ऑक्टोबर : भारतीय शांतिसेनेची लिट्टेविरुद्ध 'ऑपरेशन पवन' ही मोहीम सुरू. शांतता राखायला गेलेली फौज अडीच महिन्यांत युद्धात कशी ओढली गेली, ते या सहा ओळींतून दिसतं.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरलेली शीख लाइट इन्फन्ट्रीची तुकडी जवळजवळ सगळी कामी आली. लिट्टेला बेत आधीच कळला होता. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढत राहिले आणि धारातीर्थी पडले. जन्माने मुंबईकर असलेले परमेश्वरन हे या मोहिमेतले एकमेव परमवीरचक्र विजेते. शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान गेले. जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण आणि डॉक्टर मारले गेले, तेही त्याच ऑक्टोबरमध्ये. दोन्ही नोंदी शीटवर हव्यात. १९८९ मध्ये अध्यक्ष प्रेमदासांनी शांतिसेनेला घालवण्यासाठी लिट्टेलाच शस्त्रं पुरवली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली, आणि १ मे १९९३ ला प्रेमदासा लिट्टेच्या मानवी बॉम्बने मारले गेले.

चार ईळम युद्धं अशी मांडा : १९८३–८७, १९९०–९५, १९९५–२००२, २००६–०९. प्रत्येकाच्या पुढे जमीन कोणाकडे होती एवढंच लिहा. लढायांच्या नावांत अडकू नका. एक अपवाद करा. मे १९९७ मध्ये लष्कराने ए-९ सडक खुली करायला 'जयसिकुरुइ' ही मोहीम काढली. दीड वर्षाहून अधिक झगडून जे मिळवलं, ते नोव्हेंबर १९९९ मध्ये लिट्टेने काही दिवसांत परत घेतलं. लांबलचक सडक धरून ठेवायची तर प्रत्येक मैलाला माणूस लागतो, आणि हल्ला करणाऱ्याला एकच मैल निवडायचा असतो.

१९९० चं वर्ष वाचताना उत्तरेतल्या मुस्लिमांकडे दुर्लक्ष होतं. ऑगस्टमध्ये पूर्वेकडच्या कात्तानकुडीतल्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक लोकांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या सगळ्या मुस्लिमांना, ७० हजारांहून अधिक लोकांना, घरं सोडायला लावली. जाफना शहरातल्यांना दोन तास मिळाले. जी संघटना वंशभेदाविरुद्ध उभी होती, तिने हे केलं. ही नोंद मधल्या पट्ट्यात लाल पेनाने.

सहावी बैठक : अस्त, उलट दिशेने

अस्ताचा अभ्यास १९ मे २००९ पासून मागे जात करावा. पुढे वाचत गेलात तर लष्कराच्या विजयाची गोष्ट तयार होते, मागे गेलात तर कारणं सापडतात.

२ जानेवारी २००९ ला किलिनोच्ची पडलं, मेमध्ये मुल्लैतीवूजवळच्या नंदिकडल खाजणाकाठी सगळं संपलं. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबर २००७ मध्ये नौदलाने भर समुद्रात लिट्टेची चार शस्त्रवाहू जहाजं बुडवली. ही जहाजं म्हणजे तरंगती गोदामं होती. तोफगोळे संपत गेले आणि नवे आले नाहीत. त्याच्या मागे २००६ : युरोपीय संघ आणि कॅनडाची बंदी, त्यामुळे परदेशस्थ तमिळांकडून येणारा पैसा आटला. भारताची बंदी १९९२ ची, अमेरिकेची १९९७ ची. जुलै २००६ मध्ये पूर्वेत माविल आरूचे पाण्याचे दरवाजे लिट्टेने बंद केले. खालच्या हजारो शेतकरी कुटुंबांचं पाणी तुटलं आणि सरकारला युद्धाचं निमित्त आयतं मिळालं. नोव्हेंबर २००५ : लिट्टेने आपल्या भागात अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार घडवला. महिंद राजपक्षे सुमारे १ लाख ८० हजार मतांनी जिंकले. तमिळ मतं पडली असती तर वाटाघाटींच्या बाजूचे रनिल विक्रमसिंघे येण्याची दाट शक्यता होती. मार्च २००४ : पूर्वेचा सेनापती करुणा फुटला आणि आपल्याबरोबर हजारो लढवय्ये व पूर्वेची खडान्खडा माहिती घेऊन गेला. डिसेंबर २००२ : ओस्लोतल्या शांतता चर्चेत संघराज्याचा पर्याय तपासायचं दोन्ही बाजूंनी मान्य केलं, पण एप्रिल २००३ मध्ये लिट्टे चर्चेतून उठली.

यातली बरीच पावलं लिट्टेने स्वतः उचललेली आहेत. ती चुकीची आहेत असं आतून सांगणारं कोणी नव्हतं. टेबलावरची एकच चिठ्ठी पुन्हा पाहा.

मात्र खालचा पट्टा रिकामा ठेवू नका. सैन्य काही वर्षांत जवळपास दुप्पट झालं. एका सडकेवर हटून बसण्याऐवजी अनेक आघाड्या एकदम उघडल्या गेल्या. छोट्या तुकड्या वाघांच्या प्रदेशात खोल शिरू लागल्या. समुद्री वाघांच्या होड्यांविरुद्ध नौदलाने तशाच छोट्या, वेगवान होड्यांचे ताफे बनवले. 'भारताने जिंकून दिलं' किंवा 'चीनने जिंकून दिलं' अशी एककलमी उत्तरं उत्तरपत्रिकेत खूप दिसतात, ती टाळा.

आकड्यांचा नियम कडक ठेवा : आकडा, तो कोणी दिला, कोणत्या काळासाठी, हे तिन्ही नसेल तर लिहायचा नाही. शेवटच्या महिन्यांत मेलेल्या नागरिकांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या तज्ज्ञ समितीने '४० हजारांपर्यंत' असू शकतील असं म्हटलं. 'पर्यंत' हा शब्द गाळला की वाक्याचा अर्थ बदलतो. सरकारने हा आकडा फेटाळला. त्याच समितीने दोन्हीकडचे आरोप विश्वासार्ह मानले : सरकारने स्वतः जाहीर केलेल्या गोळीबारमुक्त पट्ट्यांवर आणि रुग्णालयांवर तोफा डागल्या, आणि लिट्टेने लोकांना ढालीसारखं अडवून धरलं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, मुलांना जबरदस्तीने भरती केलं. एक लिहून दुसरं वगळलेलं टिपण मित्राचं असलं तरी वापरू नका. वाचलेले जवळपास तीन लाख लोक वावुनियाजवळच्या छावण्यांत कुंपणाआड ठेवले गेले, ही नोंद तिन्ही पट्ट्यांना छेदून लिहावी लागते.

आता शीट पाहा. मधला पट्टा २००९ ला थांबतो, वरचा आणि खालचा पुढे जातात. वरच्या पट्ट्यात १९८७ च्या करारातून आलेली, प्रांतिक परिषदा देणारी तेरावी घटनादुरुस्ती लिहा. तिच्यातले जमीन आणि पोलिसांचे अधिकार प्रांतांना पूर्णपणे कधी मिळाले नाहीत. कराराने एकत्र आणलेले उत्तर आणि पूर्व प्रांत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये वेगळे केले. उत्तर प्रांताची पहिली निवडणूक २०१३ मध्ये झाली, परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक लांबत गेली. बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन किलिनोच्चीत आणि मुल्लैतीवूत आया २०१७ पासून रस्त्याकडेला बसल्या. उजवीकडे हातभर कागद कोरा सोडा, या नोंदी अजून वाढायच्या आहेत.